सरांना गाडी गाठू द्या

परतूरसारख्या रेल्वे लाईनीवरच्या तालुक्याच्या गावात प्राध्यापकांच्या मुख्य जाती दोन: गावात राहणारे आणि अपडाऊन करणारे. दुसऱ्या जातीत एक दुर्मिळ पोटजात आढळते, ती म्हणजे गाडी सोडणारा प्राध्यापक. तास संपलेला आहे, जालन्याकडची गाडी सेलूहून निघाल्याची खबर आहे, पिशवी खांद्याला लागली आहे आणि दारात एक पोरगं ‘सर, एकच मिनिट’ म्हणत उभं आहे. हा माणूस पिशवी खाली ठेवतो. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर एक गाडी गेली की दुसरी पाठोपाठ येत नसते, हे त्याला त्या पोरापेक्षा जास्त ठाऊक असतं. अशा माणसाचे आभार कसे मानावेत, याचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. म्हणून हा प्रपंच.

नियम पहिला. आभार कशाबद्दल, ते आधी ठरवावं. ‘आपण आमच्या जीवनाला दिशा दिलीत’ हे वाक्य वर्ज्य. ते आपण मागच्या महिन्यात बदली झालेल्या तहसीलदारांनाही म्हटलेलं असतं. त्याऐवजी सांगावं, ‘सर, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलीय हे तुम्ही बघितलंत. खातं आधारला जोडलेलं नाही हेही तुम्हीच बघितलंत. नाहीतर माझी शिष्यवृत्ती गेलीच होती.’ इतकं नेमकं कोणी बोललं की सर चष्मा पुसायला घेतात. त्यांचा चष्मा स्वच्छच असतो.

नियम दुसरा, शाल. मराठवाड्यात एप्रिलपासून पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळतो, तरी इथल्या माणसाला मिळणाऱ्या शालींची संख्या काश्मीरवाल्यांनाही हेवा वाटावी अशी असते. सत्काराची शाल पांघरण्यासाठी नसतेच. ती घडी मोडून खांद्यावर टाकतात, फोटो निघतो, मग पुन्हा तीच घडी घालून कपाटात. पुढे कोणाची सेवानिवृत्ती, कोणाच्या व्याह्यांचं आगमन असं निमित्त काढून ती घराबाहेर पडते आणि फिरत फिरत एखाद्या गुरुपौर्णिमेला मूळ मालकाच्या खांद्यावर परत येते. सर कडेची पट्टी ओळखतात, पण बोलत नाहीत. थोडक्यात, शाल देऊ नये. नारळाला हरकत नाही, त्याची निदान चटणी होते.

नियम तिसरा, समारंभ. हा करू नये. पण मी सांगून कोण ऐकतो? माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला की समिती होते आणि समिती झाली की प्रमुख पाहुणे ठरतात. पाहुणे दोन तास उशिरा येतात. तोवर सर स्टेजवरच्या मखमली खुर्चीत घामाघूम बसलेले असतात. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय आणि मनोगतं होतात. शेवटी आभार प्रदर्शनाला जो उठतो, तो मंडपवाल्यापासून साऊंडवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतो, आणि ज्यांच्यासाठी जमलो त्यांचं नाव घाईत राहून जातं. अरे, ज्या माणसानं आपल्यासाठी गाड्या सोडल्या, त्याची आणखी एक गाडी घालवायची आणि त्याला कृतज्ञता म्हणायचं?

नियम चौथा. नेलेलं पुस्तक परत करावं. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा सरांच्या असतील तर तशाच ठेवाव्यात, तुमच्या असतील तर खोडाव्यात.

नियम पाचवा, शिफारसपत्र. अर्जाची शेवटची तारीख आज असताना ते मागू नये. पंधरा दिवस आधी जावं. सोबत गुणपत्रकांच्या झेरॉक्स, कुठे आणि कशासाठी अर्ज करतोय याचा कागद, आणि आपण काय काय केलं याचं एक पान न्यावं. सरांना तुमची आठवण असते, तपशिलांची नसते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातल्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना झालं. मराठवाड्यातल्या मास्तरांकडे दुसऱ्याच्या कामासाठी एवढी सवड असते. म्हणून ती आयत्या वेळी लुटावी असं नाही.

नियम सहावा. निकाल कळवावा, नापास झालात तरी. विशेषतः नापास झालात तर लगेच, कारण उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत मोजक्या दिवसांची असते. लाज वाटू देऊ नये. पुढे प्राचार्य झालेले कुरुंदकर स्वतः इंटरला वारंवार नापास झाले होते. ते वसमतजवळच्या कुरुंद्याचे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. 1981 साली जालना जिल्हा होईपर्यंत परतूरही त्याच जिल्ह्यात होतं. तेव्हा ही परंपरा आपल्या घरचीच समजावी.

नियम सातवा. सर तासिका तत्त्वावर आहेत का, ते माहीत करून घ्यावं. असतील तर ‘परमनंट कधी?’ हा प्रश्न विचारू नये. सेट झाली, पीएच.डी. झाली, केसही पिकले, तरी मानधन शिकवलेल्या तासांचंच मिळतं, सुट्टीत काहीच नाही, आणि बिल निघेल तेव्हा निघतं. दारात उभं राहून तुम्हाला समजावलेला पाऊण तास कुठल्याच बिलात लागत नाही. मला या नियमावर विनोद सुचत नाही.

नियम आठवा. आभाराच्या फोनवर ‘आणि सर, एक छोटंसं काम होतं’ हे वाक्य उच्चारू नये. काम असेल तर उद्या वेगळा फोन करावा.

शेवटचा, पेढ्यांचा. बॉक्स आधी शिपाईमामांपुढे धरावा. सर थांबले म्हणून वर्गाला कुलूप लावायला तेही थांबलेले होते, आणि त्यांचा सत्कार अजून कुठल्याही समितीच्या अजेंड्यावर आलेला नाही. मग सरांकडे जावं. सर ‘अरे, कशाला रे हे’ म्हणत निम्माच पेढा घेतील, कारण त्यांना शुगर आहे. उरलेला निम्मा मामा खातात. शुगर त्यांनाही आहे.