कुंपणात अडकलेला यिप

आइंडहोवनला आल्यापासून दरवर्षी मी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात 'स्थानिकांत मिसळा' असा कळकळीचा लेख लिहितो. लेख मराठीत, अंक मराठी, वाचणारेही मराठीच. शेजारच्या डच आजोबांना याचा पत्ताच नाही.

पण मिसळायची माझी तयारी दांडगी आहे. डच 'ग' तर घसा साफ करता करताच येतो. आदराचं 'तुम्ही' आणि सलगीचं 'तू' त्यांच्याकडेही आहे, म्हणजे तीही चिंता नाही. पण रस्ताभर घोकलेलं वाक्य बेकरीत टाकावं, तर काउंटरवरची पोरगी गोड हसून इंग्रजीत उत्तर देते. बिचारीला वाटतं, पाहुण्याची सोय केली! वाढदिवसाचं आणखी वेगळं. सगळे खुर्च्या गोल मांडून बसतात आणि आत शिरणाऱ्याने उत्सवमूर्तीबरोबर तिच्या नवऱ्याचं, सासूचं, मेहुण्याचंही अभिनंदन करायचं. पहिल्या खेपेला मला वाटलं, अख्खं घराणं एकाच तारखेला जन्मलंय.

अशा वेळी मला कादर अब्दोला आठवतो. हा इराणमधल्या अराकचा, भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. १९८८ साली निर्वासित म्हणून इथे आला आणि वयाच्या तेहेतिशीत अ‍ॅनी श्मिटच्या 'यिप आणि यानेके' या बालकथा वाचत डच शिकला. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने चिऊ-काऊपासून सुरुवात करावी तसं. १९९३ मध्ये त्याचं पहिलं डच पुस्तक आलं. पुढे तो एका मोठ्या दैनिकात 'मिर्झा' या नावाने सदर लिहू लागला. जुन्या इराणात लेखनिकाला मिर्झा म्हणत. आपल्या चिटणीस-फडणीसांचा लांबचा पाहुणाच म्हणा ना. मशिदीच्या घरावरची त्याची २००५ ची कादंबरी वाचकांनी २००७ मध्ये सर्वोत्तम डच कादंबऱ्यांत दुसरी ठरवली. आणि कादर अब्दोला हे त्याचं जन्माचं नावच नव्हे. इराणी राजवटीने मारलेल्या दोन मित्रांची ती नावं आहेत. डच दुकानांतल्या फळ्यांवर ती आता कायमची मुक्कामाला आहेत. मिसळताना या गृहस्थाने मागचं काही सोडलं नाही, हे मला त्याच्या सगळ्या मानमरातबाहून मोठं वाटतं.

त्याच्या नादाने मीही शेहेचाळिसाव्या वर्षी यिपचं पुस्तक आणलं. कुंपणाला भोक असतं, पलीकडे नवी मुलगी राहायला आलेली असते. यिप भोकात डोकं घालतो आणि अडकतो. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना! भाषेच्या वर्गात मी एकटाच खो खो हसलो. आमच्या तरुण बाईंनी कारण विचारलं. मी डचमध्ये सांगू लागलो. त्यांनी मान डोलावली आणि इंग्रजीत समजूत घातली.

यंदाचा लेख मात्र मी हट्टाने डचमध्ये लिहिला. आठ दिवसांनी संपादकबाईंचा निरोप आला, "छान झालाय हो. मराठीत करून द्याल का?"