शेजारघोष : एक अल्पशी मीमांसा

डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान काढायला नैयायिकांनी शिकवलं. आमच्या घरी विश्वचषकाचा सामना लागला की या न्यायाची थोडी डागडुजी करावी लागते. धूर आधी निघतो आणि आग साधारण पंचवीस सेकंदांनी लागते. धूर म्हणजे वरच्या मजल्यावरची ओरड. आग म्हणजे विकेट.

स्थलनिर्देश आधी केलेला बरा. इंदूरचं पोलोग्राउंड. नावात पोलो आहे, ग्राउंड आहे. प्रत्यक्षात कारखाने, गाळे आणि वीज कंपनीचं मुख्यालय. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य असतो, हे मीमांसकांचं मत निदान आमच्या पिनकोडात टिकत नाही.

वरच्या काकूंकडे डिशची छत्री आहे, म्हणून पहिला घोष त्यांचा. मग आम्ही. ‘आता छत्री कोण ठेवतं?’ म्हणत चिरंजीवांनी आमची उतरवली आणि टीव्हीला इंटरनेट जोडलं. तिथे चित्राचे तुकडे करतात, आवळतात, पाठवतात आणि मध्येच अडखळू नये म्हणून थोडा साठा करून मग दाखवतात. शेवटी समोरच्या गाळ्यातली लेथवरची पोरं, मोबाइलवाली. एकच षटकार आमच्या गल्लीत तीनदा बसतो. आमच्या इंदूरच्याच सुशील दोशींचा आवाज ट्रान्झिस्टरमधून यायचा तेव्हा राजवाड्यापासून इथपर्यंत चौकार एकदमच लागत असे.

आता मुख्य वाद. आई कट्टर कर्मवादी. 25 जून 1983 ला भारत 183 धावांत आटोपल्यावर तिने वाती वळायला घेतल्या आणि वेस्ट इंडीज 140 वर गुंडाळेपर्यंत मांडी मोडली नाही. तेव्हापासून प्रत्येक फायनलला वाती. 23 मार्च 2003 ला ऑस्ट्रेलियाने 2 बाद 359 केल्या, त्याचं कारण कापूस विकतचा होता. 19 नोव्हेंबर 2023 ला ट्रॅव्हिस हेडने 137 ठोकल्या, कारण कुणीतरी बेल वाजवली आणि तिला उठावं लागलं. चिरंजीव याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

या दोन पक्षांची गाठ पडली 29 जून 2024 च्या रात्री. विश्वचषकाची फायनल, बार्बाडोसला. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या तेव्हा चिरंजीव टीव्ही बंद करायला निघाले होते. आईने नुसतं पाहिलं, ते बसले. मग शेवटचं षटक, हव्यात 16, समोर मिलर. हार्दिक पांड्या अजून हातात चेंडू फिरवत उभा, आणि वरून काकूंचा आवाज आला, “गेला!”

कोण गेला? चेंडू की मिलर? व्याकरणाला दोन्ही मान्य. वर किंकाळी झाली. मग चिडीचूप. मग पुन्हा किंकाळी, आणि खुर्ची पडल्याचा आवाज. एवढी सामग्री हाती असूनही आम्हा तिघांना एक निष्कर्ष काढता आला नाही. (आता कळतं: चेंडू गेला, सूर्यकुमारने सीमारेषेवर धरला, तिसऱ्या पंचांनी तपासला, मिलर गेला. म्हणजे दोघेही गेले.)

चिरंजीव उठू लागले.

“हलू नकोस,” आई म्हणाली.

“अगं आजी, जे व्हायचं ते होऊन गेलंय. वर ओरडलेसुद्धा!”

“वर झालंय. आपल्याकडे अजून व्हायचंय.”

यावर पूर्वपक्षाकडे उत्तर नव्हतं. पांड्या धावला.

सात धावांनी सामना जिंकला तेव्हा काकू पेढ्यांचा डबा घेऊन खाली आल्या होत्या, चिरंजीव राजवाड्यावर जायला स्कूटरची किल्ली शोधत होते, आणि आई कापूस बोटात धरून तशीच बसलेली.

“आई, उठ आता.”

“थांब जरा,” ती म्हणाली, “गाळ्यातल्या पोरांचं राहिलंय.” आणि तिने आणखी एक वात वळायला घेतली.