रजेवरचा बाबा

म्युनिकमधल्या कुठल्याही खेळाच्या मैदानावर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. पाठीवर सॅक, सॅकला लोंबणारी इवलीशी बूटजोडी आणि वाळूत गुडघे टेकून पोराच्या तोंडातला खडा बोटानं उकरून काढणारा एखादा आपल्याकडचा गृहस्थ दिसला, तर खुशाल मराठीत हाक मारा. बऱ्याचदा ‘ओ’ येतेच.

सांगलीत असताना या गृहस्थाला घरातली कणीक कुठल्या डब्यात असते हे ठाऊक नव्हतं. आता त्याला मतं आहेत. डायपरबद्दल, गाजर किती वाफवावं याबद्दल, बाबागाडीच्या चाकांबद्दल. ती विचारण्याची तसदी तो कुणाला देत नाही.

हे सगळं जर्मन सरकारचं कर्तृत्व. २००७ पासून इथं पालकभत्ता मिळतो : साधारणपणे निव्वळ पगाराच्या ६५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. एकट्या आईनं रजा घेतली तर १२ महिने. बापानंही निदान दोन महिने घेतले तर १४. आता हक्काचे दोन महिने सोडील तो मराठी माणूस कसला? ‘मुलाचं बालपण अनुभवायचं होतं,’ असं तो सांगतो. खरंही असेल. एक्सेल शीट आधी उघडली होती एवढंच.

रजेत जर्मन पक्कं करायचं आणि गिटार शिकायची, असा बेत असतो. पहिल्या आठवड्यातच तो ‘दुपारपर्यंत दात घासायचे’ इथवर खाली येतो.

मग येतो किटा, म्हणजे इथलं पाळणाघर. तिथं मूल दारात सोपवून पळ काढता येत नाही. आधी रुळवावं लागतं. सुरुवातीला बाबा तासभर कोपऱ्यात, वीतभर उंचीच्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन बसतो. मग एके दिवशी बाई म्हणतात, आता जरा बाहेर थांबा. पोरगं ठोकळ्यांतून मान वर करत नाही. बाहेर बोळात, टांगलेल्या चिमुकल्या जाकिटांच्या रांगेखाली, बाबा नाक शिंकरत उभा.

किटाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूवर नाव हवं : गमबूट, टोपी, घरात घालायच्या चपला, चिखलात खेळायची रबरी विजार. पाऊस आला की आपल्याकडे मुलांना घरात ओढतात. इथं विजारी चढवून बाहेर काढतात. डब्यात गोड चालत नाही. यानं एकदा शिरा दिला. तो तसाच परत आला, वर बाईंची समजूतदार चिठ्ठी. शिरा हे गोड नसून नाश्ता आहे, हे त्यानं बाईंना जर्मन व्याकरणाच्या सगळ्या विभक्त्या वापरून पटवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी उपमा गेला.

एवढा शूर माणूस, पण आईचा व्हिडिओ कॉल आला की गडबडतो.

“सूनबाई दिसत नाही?”

“ऑफिसला गेलीय.”

“आणि तू रे?”

“वर्क फ्रॉम होम.”

“बरं. मागं ते काय वाळतंय?”

“नेटवर्क जातंय, आई.”

शेवटी आई ९० दिवसांच्या व्हिसावर स्वतःच येऊन थडकते. पहिले दोन दिवस ती नुसती बघते. मुलगा भांडी लावतो, लंगोट बदलतो, आणि कडाक्याच्या थंडीत घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडतो. हवा खेळती राहिली नाही तर भिंतींना बुरशी धरते, म्हणे. आई नातवाला कानटोपी घालते, मग स्वतःला घालते, आणि सूनबाई ऑफिसातून यायच्या वाटेकडं रोखून बघत बसते. ‘पोराला बायकोनं कामाला लावलंय’ हा निकाल जवळजवळ लागलेलाच असतो. तेवढ्यात तिला पालकभत्त्याचा आकडा कळतो. ती त्याचे मनातल्या मनात रुपये करते, आणि घरातली हवाच बदलते.

त्याच रात्री सांगलीला फोन जातो.

“अहो, ऐकलं का? इथं सरकारच बापांना पगार देऊन पोरं सांभाळायला बसवतं. आपला तर भांडीसुद्धा लख्ख घासतो. उद्यापासून तुम्ही निदान आपलं ताट तरी उचलत जा.”

पलीकडून काहीतरी विचारणा होते.

“नाही हो, तुम्हाला कोण देतंय पैसे! तसंच उचलायचं.”