चेन कव्हर आणि लायक्रा

सायकल चालवणाऱ्या मनुष्याने कोणती वस्त्रे परिधान करावीत, या प्रश्नाकडे मराठी विद्वज्जनांनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि मुंबई-गोवा महामार्गावरून जेथे मालवणचा रस्ता फुटतो त्या कसालच्या तिठ्यावर, म्हणजे तीन वाटा मिळतात त्या ठिकाणी, ही उणीव रविवारी सकाळी विशेष जाणवते. तेथे दृष्टीस पडणाऱ्या सायकलस्वारांचे दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गाला कोठे तरी पोहोचायचे असते. त्याच्या अंगावर सदरा, खाली अर्धी विजार किंवा गुडघ्यापर्यंत दुमडलेला लेंगा आणि हँडलला कापडी पिशवी असते. दुसऱ्या वर्गाला पोहोचण्यापेक्षा सरासरी गती महत्त्वाची वाटते. त्याच्या सदऱ्यावर युरोपातील एखाद्या बँकेचे नाव असते, जिच्यात त्याचे खाते नसते, आणि कमरेखाली लायक्रा असते.

लायक्रा हे वस्तुतः एका कृत्रिम धाग्याचे व्यापारी नाव आहे. १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने पॉलियुरेथेनपासून हा धागा सिद्ध केला, तो मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी सोडताच पूर्ववत होतो, आणि त्याचे प्रथम प्रयोजन स्त्रियांच्या पोट आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांतील रबराला पर्याय शोधणे हे होते. तेथून तो शर्यतपटूंच्या मांड्यांवर आला आणि शर्यतपटूंवरून, पोट आवळण्याचे मूळ कार्य न विसरता, मध्यमवयीन गृहस्थांवर. विलायतेत या गृहस्थवर्गाला ‘मॅमिल’ असे आद्याक्षरी नाव मिळालेले असून त्याचा अर्थ ‘लायक्रातील मध्यमवयीन पुरुष’ असा होतो. या तंग विजारीत बैठकीच्या जागी एक मऊ गादी शिवलेली असते. लोकरी विजारींच्या काळात ती शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याची असे, आता ती कृत्रिम असते. या विजारीच्या आत दुसरे काहीही घालायचे नसते, असे तज्ज्ञ सांगतात, आणि हे ज्ञान तिठ्यावरच्या चहावाल्यापर्यंत पोहोचलेले नाही, हे उभयपक्षी हिताचेच आहे.

तंग कपड्याला शास्त्राचा आधार नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो आणि तो सोसण्यासाठी लागणारी शक्ती आठपट लागते. त्यामुळे ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या शर्यतपटूचा फडफडणारा सदरा त्याचा शत्रूच ठरतो. परंतु कसालहून कट्टा, चौके या मार्गाने चढउतार मोजत मालवणला बांगडे आणायला निघालेला मनुष्य त्या वेगाने जात नाही, आणि गेलाच तर तो उतारावर असतो, जेथे त्याला वेग वाढवण्यापेक्षा ब्रेक लागण्याची चिंता अधिक असते. ‘ब्रेव्हे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पॅरिसच्या ओडॅक्स क्लबच्या नियमांनी चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांतसुद्धा २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटांची मुदत असते, म्हणजे विश्रांती धरून ताशी १५ किलोमीटरच्या आसपास गती पुरते. त्या गतीला सदरा फडफडला तर वारा लागतो, आणि सिंधुदुर्गाच्या दमट हवेत वारा लागणे ही तक्रारीची बाब नव्हे.

खरा मुद्दा निराळाच आहे, आणि तो कपड्यांत नसून सायकलीत आहे. जुन्या काळ्या सायकलीकडे बारकाईने पाहिल्यास तिची चेन पत्र्याच्या पेटीत पूर्ण बंद केलेली आढळते, आणि बायकांच्या सायकलीच्या मागच्या चाकावर जाळी लावलेली दिसते. चेन कव्हर धोतराचा सोगा आणि लेंग्याचा पाय वाचवण्यासाठी, तर जाळी साडीचा पदर वाचवण्यासाठी. कव्हर नसेल तर काय होते, हे ज्याच्या उजव्या पायाच्या घोट्यावर काळ्या ग्रिजचा दात्यांचा ठसा उमटलेला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. तो निमूटपणे सुतळीने लेंगा बांधतो किंवा पोटरीला लोखंडी क्लिप लावतो. थोडक्यात, त्या काळी मनुष्याचे कपडे गृहीत धरून यंत्र घडवले जात असे. पुढे वजन वाचवण्याच्या नादात कव्हर गेले, जाळी गेली, चिखलपाखे गेले, घंटीसुद्धा गेली, आणि यंत्राने जे सोडले ते मनुष्याच्या अंगावर चढवण्याचा, तेही निराळे पैसे मोजून, नवा व्यवहार सुरू झाला. पाखे नसलेल्या सायकलीवरून आषाढात जाणाऱ्याच्या पाठीवर तांबड्या चिखलाची जी सरळ रेघ उठते, ती या व्यवहाराची पावती मानावी.

सोयीच्या कपड्यांचे भांडण जुनेच आहे. १८९८ साली इंग्लंडातील सरे परगण्यात लेडी हार्बर्टन या बाई सायकलीसाठी सोयीची सैलसर विजार घालून एका खाणावळीत गेल्या, तेव्हा त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले गेले नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले. नऊवारीचा काष्टा हे दोन्ही पाय मोकळे ठेवणारे वस्त्र महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होते, हे विलायतेला कोणी कळवले नाही. लांब पल्ल्यालाही लायक्रा लागतेच असे नाही. १९२३ साली मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर कापून १९२८ साली परतले, तेव्हा लायक्राच्या जन्माला अजून तीस वर्षे अवकाश होता.

सुती कपड्याचे दोष लपवण्याचे कारण नाही. घामाने भिजलेला सुती सदरा लवकर वाळत नाही, आणि जीन्सच्या तर चारही शिवणी नेमक्या सीटवर टेकणाऱ्या जागी एकत्र येतात, त्यामुळे शेजारच्या ओरोसपलीकडे जाणाऱ्याने ती घालणे म्हणजे स्वतःशीच वैर होय. नाडीची, सैल, खिसे असलेली अर्धी विजार लायक्रा आणि जीन्स या दोहोंच्या मधली आणि सर्वांत शहाणी ठरते. ती घालून बाजारात उभे राहता येते, ओळखीच्या घरी पेज जेवायला बसता येते, आणि ‘तू खंयच्या सर्कशीतलो रे?’ या मालवणी चौकशीला उत्तर द्यावे लागत नाही.

कसाल पंचक्रोशीत ज्यांच्या पडवीत काळी सायकल धूळ खात उभी आहे, त्यांनी तिचे चेन कव्हर तेवढे भंगारवाल्याला देऊ नये.