लौकीवाले काका

होळी जळली की रायपूरच्या पुरानी बस्तीत दोन गोष्टी एकाच आठवड्यात गच्चीवर चढतात. एक बिजौऱ्या-कुरडयांचं वाळवण आणि दुसरे लौकीवाले काका. वाळवण संध्याकाळी खाली येतं. काका पाऊस पडेपर्यंत येत नाहीत.

काकांना रीतसर नाव आहे. ते पेन्शनच्या पासबुकात आहे, आधार कार्डावर आहे, दाराच्या पाटीवरही होतं. पण पाटीवर आता कारल्याचा वेल गेला आहे. कुरिअरवाला पोरगा गल्लीच्या तोंडाशी "लौकीवाले काका" एवढंच विचारतो आणि कोणीतरी न बोलता वर बोट दाखवतं. महाराष्ट्रात जिला दुधी म्हणतात ती रायपूरच्या मराठी घरांत लौकीच असते. त्यामुळे काकांना दुधीवाले म्हणण्याचा प्रश्नच आला नाही. ते बरंच झालं, नाही तर लोक सकाळी पातेली घेऊन आले असते.

घर महामाया मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला आले, छत्तीसगडात नागपूरकरांचा अंमल बसला, आणि त्यांच्यामागून आपला कोणी पूर्वज दप्तर बगलेत मारून आला, असं काका सांगतात. "आम्हाला जमिनी होत्या," हे पुढचं वाक्य. त्या कुठे गेल्या हे विचारलं की काका मिरचीच्या पानाची खालची बाजू तपासायला लागतात. काही असो, दप्तर घेऊन आलेल्या घराण्याने दप्तर सोडलं नाही. काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी कालव्याचं पाणी फक्त फायलीतून वाहताना पाहिलं. ती सगळी तहान आता गच्चीवर निघते आहे.

गच्चीचा कारभार खात्याच्या शिस्तीनेच चालतो. एक जाड रजिस्टर आहे. त्यात आवक म्हणजे बियाणं, जावक म्हणजे निघालेली भाजी. जावकेच्या रकान्याची पानं बरीच कोरी आहेत, पण समासात रेघा नीट मारलेल्या आहेत. काका झाडांविषयी बोलतात तेही त्याच भाषेत. "भेंडीचं प्रकरण मार्गी लागलं. मिरची विचाराधीन आहे. वांग्याला स्मरणपत्र दिलं." स्मरणपत्र म्हणजे शेणखताची एक ओंजळ. कोथिंबीर चैत्राच्या उन्हात पान द्यायचं सोडून थेट फुलावर गेली, तेव्हा रजिस्टरात शेरा पडला, "स्वेच्छानिवृत्ती".

कुंड्या विकत आणणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. रंगाचे डबे, फुटकी बादली, जुन्या कूलरची टाकी, थर्माकोलचे खोके आणि धानाची पोती, एवढ्यांत शेती होते. माती मात्र पारखून. "कन्हार हवी, कन्हार," म्हणत ते काळी माती आणवतात, मग ती पोत्यात दगडासारखी घट्ट झाली की गुपचूप पिवळी मटासी आणि रेती मिसळतात. शेणाचा विषय निघाला की आवाज कातर होतो. पूर्वी गल्लीतल्या गायी मोकळ्या फिरत आणि काका बादली घेऊन त्यांच्यामागे. २० जुलै २०२०ला, हरेलीच्या सणादिवशी, राज्य सरकारने गोधन न्याय योजना सुरू केली आणि शेण किलोला दोन रुपयांनी विकत घ्यायला लागलं. "एका रात्रीत गल्लीतल्या सगळ्या गायींना मालक सापडले," काका म्हणतात. "तोपर्यंत एकही गाय कोणाची नव्हती."

पाण्याचं राजकारण याहून बिकट. एप्रिलात नळाची धार बारीक होते आणि काकूंची बादली व काकांचा झारा एकाच वेळी तिच्याखाली येतात. कूलरचं उरलेलं पाणी काकांनी एक हंगाम कारल्याला घातलं. पानांच्या कडा करपल्या. कूलरमधलं पाणी दिवसभर उडत राहतं आणि क्षार टाकीत साचत जातात, हे तेव्हापासून ते भेटेल त्याला समजावतात. मग त्यांची नजर शेजाऱ्यांच्या एसीकडे गेली. एसीतून ठिबकतं ते हवेतल्या वाफेचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आज तीन घरांच्या एसीच्या नळ्या काकांच्या डब्यांत उतरल्या आहेत. दुपारी दोनला कोणी एसी बंद केला की पाच मिनिटांत फोन येतो. "काय हो, तब्येत बरी आहे ना? उकडून नाही राहिलं का तुम्हाला?" विजेचं बिल शेजारचे भैया भरतात, पाणी काकडी पिते. त्या घरची भाभी म्हणते की मागे बिल जास्त आलं तेव्हा काकांनी घरी येऊन सहानुभूती दाखवली आणि जाताना तापमान दोन अंशांनी उतरवून गेले.

काकूंचं घर चालतं ते झाडांना पुरवून उरलेल्या वस्तूंवर. तांदळाचं धुवण मिरचीला, चहाचा चोथा गुलाबाला, अंड्याची टरफलं टोमॅटोला. आणि ती टरफलं शेजारून येतात, कारण घरात अंडं चालत नाही. आंबट ताक कढीपत्त्याला. परवा काकूंनी कढी करायला घेतली तर कढीपत्ता ओंजळभर होता, ताक नव्हतं.

पण काका खरे फुलतात ते संध्याकाळी, मंदिराच्या बाजूच्या ओट्यावर. तिथे आणखी दोघे-तिघे गच्चीवाले जमतात. एक मिरचीवाले भैया, एक ब्राह्मणपाऱ्याहून येणारे टमाटरवाले गुरुजी, एक नुकतेच पालक लावून बसलेले बँकेतले जावईबापू. या बैठकीचे काही अलिखित नियम आहेत. कोणी कोणाला "किती निघाली?" असं विचारायचं नाही, "काही दिसून राहिलं का?" एवढंच विचारायचं. ज्याच्या झाडाला रोग नाही त्याला बोलायला वाव नाही. मिरचीवाले भैया खिशातून चुरडलेलं पान काढतात आणि सगळे चष्मे त्यावर वाकतात. "फुलकिडे." "नाही हो, कोळी आहे." "दोन्ही आहेत, बोकड्या म्हणतात याला." निंबोळी अर्काचं प्रमाण पाच टक्के की कमी, यावर आवाज चढतो. जावईबापूंचा पालक निरोगी आहे. ते बिचारे कोपऱ्यात गप्प बसतात.

गुरुजींच्या टमाटरला फुलं येतात आणि गळून पडतात. हे ऐकल्यावर काकांना किती आनंद होतो ते त्यांच्या चेहऱ्यावरच्या दुःखावरून कळतं. "गुरुजी, पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही उतरला नाही की पराग निकामी होतो. तुमचा दोष नाही. हिरवी जाळी बांधा." गुरुजी म्हणतात, "तुमच्याही टमाटरची फुलं गळाली म्हणे?" "माझी मी गाळली," काका सांगतात. "झाडाला विश्रांती." काकांच्या गच्चीवर वेल चढला तर तो त्यांनी चढवलेला असतो, वाळला तर ते हवामान, पालिकेचं पाणी, नाही तर जाळीत आलेला चिनी माल.

लौकीचं फूल पांढरं आणि ते उमलतं दिवेलागणीला. तेव्हा मधमाश्या आपापल्या घरी गेलेल्या असतात. रात्रीचे पतंग शहरात भरवशाचे नाहीत. म्हणून परागीभवनाचं काम काका स्वतःकडे घेतात. अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी हा सोहळा मी जवळून पाहिला. छत्तीसगडात त्या दिवशी पोरी मातीच्या पुतरा-पुतरीचं लग्न लावतात. खाली गल्लीत मांडव घातलेला, गोलबाजारातून आणलेली बाहुला-बाहुली, हळद, गाणी. वर गच्चीवर काका. त्यांनी लांब देठाचं एक नरफूल खुडलं, पाकळ्या मागे दुमडल्या, मधला पिवळा दांडा उघडा केला. दुसऱ्या हाताने मादीफूल अलगद धरलं. तिच्या खाली बोटाच्या पेराएवढी लवदार लौकी आधीच बसलेली असते. दांडा तिच्या तीन फाकांवर फिरवला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. श्वास रोखलेला. जिन्यातून काकूंचा आवाज आला, "अहो, गोरज मुहूर्त टळेल! अक्षता आणू का?" काका वळलेसुद्धा नाहीत. देठाला लाल दोरा बांधला, रजिस्टरात तारीख टाकली. रकान्याचं नाव मी वाचलं. "विवाहनोंदणी".

अडचण अशी होती की वर ढीगभर आणि वधू एखादीच. वेल जाळीवरून शेजारच्या छपरावर, तिथून विजेच्या तारेकडे निघाला होता, पण फुलं सगळी नर. काकांनी त्यावर ओट्यावर आठवडाभर व्याख्यानं दिली. नत्र जास्त झालं, पालाश कमी पडलं, कृषी विद्यापीठात माती तपासायला पाठवतो. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ रायपुरातच आहे, त्यामुळे ही धमकी कोणालाही केव्हाही देता येते.

सकाळी डोक्यावर टोपली घेऊन भाजीवाली दाई गल्लीत येते. चेंच भाजी, लाल भाजी, बरबट्टी, रमकेलिया. काकांकडे ती काही विकायला थांबत नाही, पाणी प्यायला थांबते. त्या दिवशी तांब्या तोंडाला लावता लावता तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "अई कका, नार ला अतेक काबर बढाए हस? फुनगी ला टोर दे. फर आही." वेल एवढा कशाला वाढू दिलास, शेंडा खुड, फळ येईल. तांब्या खाली ठेवून ती निघूनही गेली. व्याख्यान नाही, विद्यापीठ नाही.

काका दिवसभर अस्वस्थ. तिन्हीसांजेला कोणी नाहीसं पाहून त्यांनी शेंडा खुडला. मुख्य वेल थांबला की बाजूचे फुटवे निघतात आणि लौकीची मादीफुलं जास्त करून त्या फुटव्यांवर येतात. हे भाजी पिकवणाऱ्या मरार घराण्यांतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि मोबाइलवरच्या चित्रफितींनी त्याला 'थ्री-जी कटिंग' असं नाव दिलं आहे. काकांनी ते नाव शोधून काढलं. दोन आठवड्यांनी ओट्यावर घोषणा झाली, "मी थ्री-जी कटिंग केलं." जावईबापू पहिल्यांदा बोलले, "काका, आता तर फाइव्ह-जी आलंय." त्यांना पुढच्या बैठकीचं बोलावणं बराच काळ गेलं नाही. दाईला मात्र त्या दिवसापासून पाण्याबरोबर गूळ मिळतो. कारण काका सांगत नाहीत, तीही विचारत नाही.

मग फळं धरली आणि फळमाशी आली. ती कोवळ्या लौकीला डंख मारते, आत अंडी घालते. लौकी वाकडी होते, डिंक सोडते, सडून गळते. काकांनी कामगंध सापळा टांगला आणि प्रत्येक लौकीला नागपूरहून येणाऱ्या मराठी वर्तमानपत्राचं आवरण घातलं. त्या काळात त्यांच्या गच्चीवर गेलं की दोन लौक्या अग्रलेखात, एक राशिभविष्यात आणि एक, जरा जाड, निविदांच्या जाहिरातीत लटकलेली दिसे.

२५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा सुरू होतो. नऊ दिवस रायपूर दारं-खिडक्या लावून बसतं. पारा पंचेचाळिशीला टेकतो. "नवतपा तापला की पाऊस चांगला," असं म्हणत काका डोक्याला ओला गमछा गुंडाळून दुपारी बाराला वर जातात, जाळी ओढतात, बुंध्याशी पेंढा पसरतात. डॉक्टरांनी मनाई केली आहे. काकूंनी जिन्याला कुलूप घालून पाहिलं. काकांनी शेजारच्या गच्चीवरून यायला सुरुवात केली, मग कुलूप निघालं.

आणि नेमक्या याच दिवसांत लौक्या एकदम येतात. महिनाभर एकीसाठी नवस आणि मग रोज दोन-दोन. काकूंनी कोफ्ते केले, चणाडाळीत घातली, थालीपीठ लावलं, सालीची चटणी वाटली, हलवा केला. पुरानी बस्तीजवळच दूधाधारी मठ आहे. तिथले महंत केवळ दुधावर राहत म्हणून ते नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. काकू म्हणतात, "त्यांचं ठीक होतं हो. आमचं घर दुधीधारी झालंय." घरात संपेना तेव्हा वाटप सुरू होतं. काका नाही म्हणायला जागा ठेवत नाहीत. सकाळी दार उघडावं तर कडीला लौकी. आमच्याकडे एकदा दोन आल्या. एक काकांची आणि दुसरीही काकांचीच, शेजारच्या भाभींनी आमच्याकडे सरकवलेली. तिच्यावरचा राशिभविष्याचा कागद तसाच होता.

माती, जाळी, सापळा, फवारा यांच्या पैशांत शास्त्री बाजारातून वर्षभर लौकी आणता आली असती, हे काकूंनी रजिस्टरच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडून सिद्ध केलं आहे. काकांनी खाली "पाहिले" अशी सही केली. हिशेब काकूंचा बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण तीन एसींचं पाणी गटारात जाणं थांबलं, गल्लीतली पोरं नर आणि मादीफूल ओळखायला लागली, आणि एरवी एकमेकांच्या पार्किंगवरून भांडणारी चार घरं एका चुरडलेल्या पानासाठी ओट्यावर येऊन बसतात. ही आवक कोणत्याच रजिस्टरात नाही, म्हणून काकू ती धरत नाहीत. माझ्या मते धरायला हवी.

उन्हाळ्यात रायपूरला आलात तर पुरानी बस्तीत जरूर या, महामायेचं दर्शन घ्या, काकांनाही भेटा. फक्त जाताना हातात रिकामी पिशवी दिसू देऊ नका.