ताप बारा वाजता येतो

शहरातल्या बहुतेक पाळणाघरांच्या दारावर एक पाटी असते : 'आजारी मुलांना पाठवू नये.' अक्षर टपोरं, बऱ्याचदा लॅमिनेशनही केलेलं. तिच्याखालून रोज सकाळी वाहत्या नाकांची मिरवणूक आत जाते. "काही नाही हो काकू, जरा एसी लागलाय." एसी हा मध्यमवर्गीय घरातला सगळ्यात सोशिक आरोपी. घरी एसी नसेल तर दात येत असतात. दात येऊन झाले असतील तर परवाच्या वाढदिवसाचा केक. यातलं काहीच सापडलं नाही, तर 'सध्या वातावरणच तसं आहे' हे आहेच. विषाणूचं नाव मात्र दारात कुणी काढत नाही. काढलं तर मूल परत न्यावं लागेल, आणि दहाची मीटिंग आहे.

पाटीपेक्षा जुनी आणि जास्त पाळली जाणारी एक प्रथा आहे. तिच्याबद्दल पालक एकमेकांशीही बोलत नाहीत. पहाटे मुलाचं अंग कोमट लागतं. थर्मामीटर लावायचा नसतो, कारण आकडा दिसला की तो विसरता येत नाही. आठ वाजता पॅरासिटामॉलचा डोस जातो, पावणेनऊला मूल हसायला लागतं, नऊला ते काकूंच्या ताब्यात. औषधाचा असर चार ते सहा तास. म्हणून पाळणाघरातला ताप बाराच्या पुढे चढतो, वरणभाताच्या सुमारास. काकूंना घड्याळ कळतं आणि ताप आधीही होता हेही कळतं. त्या फोन करतात. पलीकडून आश्चर्याचा उद्गार येतो, "अय्या, सकाळी तर एकदम छान होता!" हा संवाद दोन्ही बाजूंना पाठ आहे. नाट्यसंगीतात वन्समोअर घेतात तसा तो दर पंधरवड्याला होतो.

आता या सगळ्यात नवल वाटावं असं काय आहे, ते मला कळत नाही. लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे बालरोगतज्ज्ञांच्या पुस्तकात 'नॉर्मल' या सदरात येतं. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा आकडा दहा-बारापर्यंतही जातो. सर्दी आणणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार. एका सर्दीचा खोकला दोन-दोन आठवडे रेंगाळतो. बारा गुणिले दोन आठवडे करून पाहा. पावसाळा आणि थंडीचे महिने यातच संपतात. म्हणजे 'हा सारखाच आजारी असतो हो' ही तक्रार नाही, साधा गुणाकार आहे. मूल रांगतं, दुसऱ्याने चोखलेला ठोकळा चोखतं, तिसऱ्याला मिठी मारतं. तेच तर शिकायला त्याला तिथे पाठवलं होतं.

सर्दीचं एक वेळ ठीक, पण हात-पाय-तोंडावर पुरळ आणणारा तो कॉक्सॅकी घराण्यातला विषाणू आला की पालकांच्या ग्रुपवर पोलीस चौकी उघडते. 'पहिला कोण?' 'गेल्या आठवड्यात कुणाच्या पायावर फोड होते?' 2022 साली केरळात कोल्लमकडे याच दुखण्याला 'टोमॅटो फ्लू' असं भाजीबाजारी नाव मिळालं, तेव्हा तर वाहिन्यांनी नवी साथ आल्याचा गजर केला. दुखणं जुनंच, बहुतेक मुलांत आठवडा-दहा दिवसांत जाणारं. गंमत अशी, की मूल पुरळ दिसायच्या आधीपासून विषाणू वाटत असतं आणि पुरळ गेल्यावरही कित्येक आठवडे तो त्याच्या शीतून बाहेर पडत राहतो. त्यामुळे 'पहिला कोण' या तपासाला अर्थ नाही. पिशवीला लटकवलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीलाही फारसा नाही, कारण या जातीच्या विषाणूंपुढे अल्कोहोल कमजोर पडतं. लंगोट बदलल्यावर साबण आणि वाहतं पाणी, एवढंच कामाचं. पण साबणाला कार्टूनचं चित्र असलेलं कीचेन येत नाही. पुढे काही आठवड्यांनी एखाद्या मुलाची नखं सुटतात आणि आईची झोप उडते. नखं परत येतात. झोपेचं सांगता येत नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सातारा किंवा सांगली उगवते. "आमच्या वेळी मुलं अशी आजारी पडायची नाहीत. ओव्याची पुरचुंडी शेकली की झालं." ओव्याशी माझं वैर नाही, वास चांगला असतो. पण 'आमच्या वेळी' म्हणजे कधी? 1971 साली देशात जन्मलेल्या हजार बाळांमागे 129 बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. 2023 मध्ये हा आकडा 25 वर आला. त्या वेळी मुलं आजारी पडत नव्हती असं नाही. एका घरात सात पोरं असायची, सगळी एकदम शिंकायची, आणि बाहेरच्या कुणाला तसं कळवावं लागत नसे. तेही पाळणाघरच होतं. फी नव्हती, पाटी नव्हती, आणि चालवणाऱ्या बाईला पगारही नव्हता.

दुसरीकडे 'आत्ता आजारी पडला की पुढे प्रतिकारशक्ती वाढेल' असं सांगणारा पंथ आहे. हा पंथ अगदीच खोटा नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात शेकडो मुलांचा जन्मापासून माग ठेवला गेला. मोठ्या पाळणाघरात गेलेल्यांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली, सहा ते अकरा या वयात कमी झाली, आणि तेराव्या वर्षापर्यंत सगळी एका पातळीला आली. म्हणजे सर्दीचा हप्ता आज भरा किंवा पहिलीत गेल्यावर भरा. फरक इतकाच, की पहिलीतल्या मुलाला नाक शिंकरता येतं.

डॉक्टरांकडची गोष्ट वेगळी. तिथे फी भरून 'व्हायरल आहे, आपोआप जाईल' एवढंच ऐकून बाहेर पडणं मराठी माणसाला जमत नाही. वाणसामानाला गेल्यासारखी पिशवी भरलीच पाहिजे. "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या. शेंबूड हिरवा आहे." शेंबडाच्या रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही, साध्या सर्दीतही तो मधल्या दिवसांत पिवळा-हिरवा होतो. आणि अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही, हे तर आता रिक्षावालाही सांगेल. तरी जो डॉक्टर काही न देता धीर देतो त्याची प्रॅक्टिस बसते, आणि चार बाटल्या लिहिणाऱ्याकडे नंबर लावावा लागतो.

बाटल्यांचं हसण्यावारी नेता येत नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने मुलं दगावली. डायएथिलीन ग्लायकॉलने त्यांची मूत्रपिंडं निकामी केली होती. त्यातली अनेक मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती आणि तिथेच गेली. त्यानंतर केंद्राने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाचच्या खाली ती सर्वसाधारणपणे टाळावीत. त्याआधी 2023 च्या डिसेंबरमध्ये सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायचा आदेश निघाला होता. तो बाटलीवर बारीक अक्षरात असतो. आपण ती बाटली रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात उघडतो.

असो. डॉक्टरकडे 'स्ट्राँग' मागणारी आई मूर्ख नसते. तिला औषध नको असतं, तिला गुरुवार हवा असतो. गुरुवारी क्लायंटचा कॉल आहे, आणि मूल 'आपोआप' शनिवारी बरं होणार आहे. मधल्या दोन दिवसांचं काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही.

तो कायद्याचा असावा म्हणून कायदा पाहिला. 2017 मध्ये प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आणि आईने दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यावं अशी मुभाही मिळाली. छान. पण ही सोय ठणठणीत बाळाची. मूल तापलं की ते त्या पाळणाघरातही चालत नाही, आणि तापलेल्या मुलासाठी रजा कायद्यात शोधून सापडत नाही. सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा आहे : केंद्रात सगळ्या सेवेत मिळून 730 दिवस, महाराष्ट्र शासनात 180. केंद्रात ती पुरुषालाही मिळते, मात्र तो एकटा पालक असेल तर. म्हणजे बायको सोबत असेपर्यंत मूल तिचंच आजारी पडतं, असं शासनाचं निदान आहे. खासगी नोकरीत तेवढंही नाही. तिथे एचआरकडून मातृदिनाला गुलाबी ईमेल येतो.

स्वीडनमध्ये आजारी मुलासाठी वर्षाला मुलामागे 120 दिवसांपर्यंत भरपाई मिळते, आईने घ्या की बापाने. जर्मनीत 2024 पासून सरकारी आरोग्य विम्यातल्या प्रत्येक पालकाला मुलामागे 15 दिवस. तिकडची मुलं आपल्यापेक्षा नाजूक नाहीत. तिथल्या हिशेबनिसाने फक्त तो गुणाकार आधी करून ठेवला. आपल्याकडे दर वेळी ताप आला की कार्यालय दचकतं, जणू अडीच वर्षांच्या माणसाने पूर्वसूचना न देता बेशिस्त केली.

मग बायका तोड काढतात. मुलाच्या तापाला रजा नाही, स्वतःच्या तापाला आहे. "सर, मला कणकण वाटतेय, आज येत नाही." तीन दिवसांनी तोच विषाणू खरोखर तिच्या घशात उतरतो, तोपर्यंत आजारपणाची रजा संपलेली असते, आणि ती मास्क लावून, आले-लिंबाचा थर्मास घेऊन ऑफिसात येते. तिथून तो विषाणू सरांकडे जातो. सरांना रजा मिळते.

बाबांबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं; ते कॉलवर आहेत. पाळणाघराच्या फॉर्मवर त्यांचा नंबर दुसऱ्या ओळीत, 'अत्यावश्यक प्रसंगी' या रकान्यात असतो. 101 ताप हा अत्यावश्यक प्रसंग नाही, तो आईचा प्रसंग आहे. एखाद्या बाबाने अर्धा दिवस सुट्टी टाकून मुलाला डॉक्टरकडे नेलं, तर सोसायटीत संध्याकाळपर्यंत बातमी पोचते. "किती करतो गं तो!" तीच गोष्ट आईने केली तर तिची अप्रेझलमध्ये नोंद होते.

या साखळीत एक बाई आहे जिच्या वाट्याला सगळे विषाणू येतात आणि रजा एकही येत नाही. पंधरा मुलांची नाकं पुसणाऱ्या काकू. एका रविवारी रात्री त्यांचा ग्रुपवर निरोप येतो : 'मला ताप आहे, उद्या पाळणाघर बंद राहील.' मिनिटभर शांतता. मग अंगठे, हात जोडलेले, 'गेट वेल सून'ची फुलं. आणि मग एकामागून एक खासगी निरोप सुरू होतात. "काकू, उद्या खूपच अडचण आहे हो. फार ताप नाहीये ना? सकाळी एक पॅरासिटामॉल घेऊन पाहा ना, दुपारपर्यंत तरी जमेल."