पाचला रात्र

लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका बघतात. गण, नाडी, मंगळ, गोत्र, सगळं तपासून होतं. मुलाला कसलं व्यसन नाही ना, मुलीच्या चष्म्याचा नंबर किती, तेही आडून आडून विचारून होतं. दोघं झोपतात किती वाजता आणि उठतात किती वाजता, हे मात्र कोणी म्हणजे कोणी विचारत नाही. आमचे छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले म्हणून दोन्हीकडच्यांनी पेढे वाटले. उरलेले आठच्या आठ गुण घड्याळाचे होते, हे लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी कळलं. म्हणजे नवऱ्याची सकाळ. माझी मध्यरात्र.

नवरा गजर न लावता साडेचारला उठतो. प्राणायाम करतो, तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितो, पाचच्या ठोक्याला यच्चयावत व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सुप्रभात’ टाकतो, आदल्या रात्रीच्या प्रत्येक निरोपाला एकेक अंगठा दाखवतो आणि फिरायला जातो. रात्री साडेनऊला त्याचे डोळे मिटायला लागतात, तेव्हा मी नुकती माणसात येत असते. माझं वाचन, गाणी, कपाट आवरणं, सगळं दहानंतर. दीडच्या आधी पाठ टेकली तर घरात सगळे माझ्या कपाळाला हात लावून बघतात. कोणी ना कोणी सदैव जागं असल्यामुळे आमच्याकडे आजवर चोरी झालेली नाही, हा फायदा. दोघं एकाच वेळी जागे असण्याचा थोडका काळ डबा, गॅसचा नंबर आणि इस्त्रीवाल्याचा हिशेब यांत संपतो, हा तोटा. महत्त्वाचं सगळं बोलणं आम्ही फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लावून करतो.

मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, तसे सगळे मागे लागले की आता दोघंच कुठेतरी जाऊन या. बेट हवं, हा माझा हट्ट. पासपोर्टची मुदत संपली आहे, हे त्याचं उत्तर. मालदीव, बाली, मॉरिशस अशी एकेक विकेट पडत गेली आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात अंदमान ठरलं. सासरे म्हणाले, “तात्याराव सावरकरांच्या कोठडीपुढे डोकं टेकवून या.” आईने मेतकुटाची पुडी दिली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “काळ्या पाण्यावर जोडीने निघालात, काय गुन्हा केलात?” मी म्हटलं, “लग्न.”

नवरा इंजिनिअर असल्यामुळे विमानात त्याने मला फळा नसताना शिकवलं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. ही रेघ मिर्झापूरजवळून जाते. पोर्ट ब्लेअर तिच्या पूर्वेला दहा अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथला सूर्य सरकारी घड्याळाच्या चाळीस मिनिटं पुढे. आपला मुंबईचा तेवढाच मागे. मुंबईने तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत चालवली होती. “थोडक्यात काय, आपला सूर्य आळशी आहे, तिथला वक्तशीर,” असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. हे सगळं मी डोळे मिटून ऐकत होते, असं त्याचं म्हणणं आहे. डोळे मिटलेले होते, एवढं खरं.

पोहोचल्यावर कळलं की त्याने सांगितलं ते कमीच होतं. नोव्हेंबरात अंदमानला सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाच वाजायच्या आत मावळतो. हॉटेलचे पडदे पातळ. साडेपाचला खोलीत लख्ख ऊन आणि त्या उन्हात हात पसरून उभा असलेला माझा नवरा. अख्ख्या जगाने आपल्या वेळापत्रकाला मान्यता दिल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. “ऊठ गं, दुपार झाली!” असं तो म्हणाला, आणि बाहेर पाहिलं तर खरोखरच तशी परिस्थिती होती.

त्यात अंदमानचा सगळा पर्यटन व्यवसाय नवऱ्याच्या बाजूने. बाराटांग बेटावर जायचं तर हॉटेलमधून पहाटे साडेतीनला निघायचं, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा पहिला ताफा सहाला सुटतो. पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, कोणी दिसलं तरी काही द्यायचं नाही. हे नियम योग्यच आहेत आणि मी ते तंतोतंत पाळले, कारण पूर्ण जंगलभर मी झोपलेली होते. जागी झाले ती खाडीवर. तिवरांच्या बोगद्यातून होडी, मग चुनखडीची गुहा, इथवर सगळं सुरेख. मग चिखलाचा ज्वालामुखी.

या ज्वालामुखीचं वर्णन प्रामाणिकपणे करायला हवं. रात्रभर प्रवास करून आलेली, जिना चढून धापा टाकणारी तीसेक माणसं लाकडी कुंपणाला रेलून उभी. आत करड्या चिखलाचं डबकं. सगळे श्वास रोखून बघतायत. डबक्याच्या मधोमध एक फुगा हळूच वर आला, फुगला, जरा विचारात पडला आणि ‘बुळुक’ असा आवाज करून फुटला. पुण्याच्या एका ग्रुपमधल्या आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि ग्रुपच्या टूर मॅनेजरला म्हणाले, “झालं?” त्या दोन अक्षरांत पहाटे साडेतीनपासूनचा सगळा हिशेब होता. नवरा मात्र भूगर्भातला वायू, दाब वगैरे समजावून सांगायला लागला. आजोबा त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मला ओळखीची होती.

नावांचा इथे थोडा खुलासा. १८५७ चं स्वातंत्र्यसमर चिरडणाऱ्या इंग्रज सेनापतींची नावं जाऊन हॅवलॉक बेटाचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक, बोटवाल्याच्या तोंडी दुसरं. बोटवाला ऐकेना, म्हणून मीही जुनीच नावं वापरते.

हॅवलॉकच्या बोटीत प्राणायामाचा काही उपयोग झाला नाही. बोट हलायला लागली तशी नवऱ्याची वक्तव्यं कमी होत गेली आणि अर्ध्या वाटेवर पूर्ण थांबली. लिंबू हुंगत, डोळे मिटून तो पडून राहिला. दिवसाउजेडी झोपलेला नवरा मी प्रथमच निवांत पाहिला. बरा दिसतो.

दुसऱ्या दिवशी समुद्राच्या तळाशी जाण्याचा कार्यक्रम. त्यासाठी पोहता यावं लागत नाही. पाठीवर नळकांडं, तोंडात नळी आणि मानगुटीला धरून नेणारा प्रशिक्षक, एवढ्यावर भागतं. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवतात. तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. नुसता अंगठा वर केला की ‘मला वर न्या’. हे प्रशिक्षकाने बजावून सांगितलं होतं. पण रोज पहाटे पाचपासून जगाला अंगठा दाखवणारा हात तो! निळा मासा दिसला, नवऱ्याने खुशीत अंगठा दाखवला. प्रशिक्षकाने त्याला वर काढलं. पुन्हा खाली गेले, प्रवाळ दिसलं, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. मी खाली एका काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशाशी ओळख वाढवत होते आणि डोक्यावरून नवरा लिफ्टमधून गेल्यासारखा ये-जा करत होता. शेवटी प्रशिक्षकाने त्याचा अंगठा आपल्या मुठीत धरून ठेवला.

नीलची गोष्ट वेगळी. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं हे छोटं बेट आणि त्यावरची ठिकाणं रामायणातली: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. सूर्योदय बघायचा तो सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला. नवऱ्याचं आणि माझं लगेच वाटप झालं. तो अंधारात रिक्षा करून सीतापूरला गेला; मी सूर्यास्तापर्यंत शुद्धीवर आले. मध्ये भरतपूर आहे, तिथे शहाळ्याच्या गाडीवर आमची भेट झाली. चौदा वर्षांच्या ताटातुटीनंतर राम भेटला तेव्हा भरतालाही शहाळं मिळालं नव्हतं, असं म्हणून मी दोन मागवली.

सेल्युलर जेलमध्ये मात्र विनोद सुचत नाहीत. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात शाखा होत्या. आज तीन उरल्यात, पाडलेल्या भागाच्या जागी इस्पितळ उभं आहे. एका शाखेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये, एवढ्यासाठी केलेली ही रचना. दोघे सावरकर बंधू याच तुरुंगात, आणि त्यांची भेट होऊ नये याचा पुरता बंदोबस्त. तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यारावांच्या टोकाच्या कोठडीपाशी पुण्याचा ग्रुप आधीच पोहोचला होता. मघापर्यंत जेवणात भात कच्चा होता यावर बोलत असलेली माणसं चपला काढून एकेक करून आत जात होती आणि न बोलता बाहेर येत होती. ज्वालामुखीला ‘झालं?’ विचारणारे आजोबा आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. टूर मॅनेजरनेही त्यांना हाक मारली नाही. अंधार पडल्यावर आवारात ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो. इथला अंधार लवकर, त्यामुळे कार्यक्रमही लवकर. तो संपवून बाहेर आलो तरी आपल्याकडच्या चहाची वेळ जेमतेम टळलेली होती.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे संध्याकाळ. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं. तिथला सूर्यास्त बघायला चारलाच जाऊन बसा, असं रिक्षावाल्याने सांगितलं. बसलो. पाचच्या आत सूर्य गेला, पाठोपाठ उजेड गेला, रिक्षावाल्याने परत आणून सोडलं आणि साडेपाचला आम्ही खोलीच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्यांवर मिट्ट काळोखात बसलो होतो. टीव्हीवर मुंग्या. मोबाइलला रेंज येई ती पाहुण्यासारखी, चहा घेऊन लगेच जाई. जेवण साडेसातला. आणि माझ्या लक्षात आलं की मी टक्क जागी आहे. अंधार पडला की माझं डोकं चालायला लागतं. त्याला घड्याळात किती वाजले याच्याशी देणंघेणं नाही. आणि शेजारी नवराही जागा होता, कारण त्याचं शरीर घड्याळावर चालतं आणि घड्याळात साडेपाचच वाजले होते! माझी रात्र सुरू झालेली आणि त्याचा दिवस संपलेला नाही, असे सलग चार तास आमच्या लग्नाच्या इतिहासात कधी आले नव्हते.

पहिला अर्धा तास आम्ही इस्त्रीवाल्यावर काढला. तो विषय संपल्यावर बाजारातून पत्ते आणले. दोघांत पाच-तीन-दोन खेळता येत नाही, म्हणून भिकार-सावकार. भिकार-सावकारला बुद्धी लागत नाही, त्यामुळे तोंड मोकळं राहतं, आणि अंधारात माणूस खरं बोलतो. डब्यातला चिवडा रात्रीतून कमी होतो तो मुलगा खातो, अशी नवऱ्याची कित्येक वर्षांची समजूत होती आणि त्यावरून पोराला त्याने व्याख्यानंही दिली होती. रात्री एक वाजता कांदा चिरून, ओट्याशी उभ्याने तो चिवडा कोण खातं, हे त्याला हॅवलॉकला कळलं. तो बराच वेळ गप्प. मग त्याने राजा टाकला आणि म्हणाला, “आता मीही सांगतो.” त्याचं रोजचं पहाटेचं फिरणं तलावापर्यंतच असतं. तिथे पेन्शनरांच्या कट्ट्यावर कटिंग आणि बटाटेवडा होतो, मग तो घरी येऊन माझ्यासमोर तोंड वेडंवाकडं करत ओट्स खातो. वजन उतरत का नाही म्हणून मी त्याच्या थायरॉइडच्या तपासण्या करून घेतल्या होत्या! मी त्याचा राजा जप्त केला.

नंतरच्या संध्याकाळी आम्ही रिक्षावाल्याला सूर्यास्त दाखव म्हणून सांगितलं नाही. तो मावळायचा तेव्हा मावळेल. आम्हाला त्याच्या नंतरची घाई.

परत आल्यावर वाचनात आलं की ईशान्य भारतासाठी वेगळी प्रमाणवेळ हवी, ही मागणी जुनी आहे. आसामच्या चहामळ्यांत तर घड्याळ एक तास पुढे ठेवायची पद्धतच आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी तशी रीतसर योजना मांडली, आणि त्यांच्या त्या पुढच्या वेळेत ईशान्येच्या राज्यांबरोबर अंदमान-निकोबारही आहे. विजेची बचत होईल, उजेड वाया जाणार नाही, सगळं पटण्यासारखं आहे. पण तसं झालं तर अंदमानात रात्र सहाला होईल आणि साडेनऊला झोपणाऱ्या माणसाचा एक तास कापला जाईल. म्हणून या योजनेला आमच्या घरातून दोन मतं विरोधात धरावीत. एकाच कागदावर, एकाच बाजूने आम्ही दोघांनी मिळून सही केली ती विवाहनोंदणीच्या वेळी. त्यानंतर ही दुसरी. अर्ज लिहून फ्रिजच्या दारावर लावला आहे. त्याची सही पहाटे पाचला झाली. माझी रात्री होईल.